ताडगोळ्याची परीक्षा

ताडगोळा कसा खावा याविषयी ठाम मते बाळगणारी माणसे जगात फार नसावीत. त्यांतले एक मला शेजारी म्हणून लाभले आणि डोंबिवलीतील माझी उमेदीची काही वर्षे त्यांची मते ऐकण्यात गेली. ‘लाभले’ हा शब्द मी पुष्कळ विचारांती लिहीत आहे. त्या काळी मी तो वापरला नसता.

अप्पा टिपणीस ठाण्याला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. उंचीने ते इतके बेताचे होते की खिडकीपलीकडे अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला प्रथम फक्त त्यांची टोपी दिसे. अप्पा कोण आहेत हे त्याला अर्ज नामंजूर झाल्यावर कळे. चालताना ते मान मागे टाकून, हनुवटी वर करून चालत. समोरचा माणूस आपल्यापेक्षा उंच आहे ही गोष्ट त्यांनी आयुष्यात कधी मान्य केली नाही. तो माणूस चुकून वर गेला आहे आणि लवकरच खाली येईल, अशा समजुतीने ते त्याच्याशी बोलत.

आमची चाळ बैठी होती. चार बिऱ्हाडे, समोर एक लांब पडवी, मागे विहीर. पहिले बिऱ्हाड अप्पांचे, दुसरे माझ्या आईचे आणि माझे. अप्पांच्या घरात ताडाशिवाय दुसरे काही नव्हते असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. बसायला ताडाच्या पानांची चटई, वारा घ्यायला ताडाचा पंखा, भाजी आणायला ताडाची टोपली, भिंतीवर ताडाच्या पानावर अप्पांनी स्वतः कोरलेला श्लोक. पाहुण्यालाच तेवढे त्यांनी हाडामांसाचे राहू दिले होते. एका वर्षी खाडीकाठच्या दिवा गावाहून बैलगाडीने ताडाचे अखंड खोड आले. अप्पांनी ते मधोमध चिरून, पोखरून त्याची पन्हळ केली आणि चाळीच्या पागोळ्यांखाली बसवली. पन्हळीने चारी बिऱ्हाडांचे पाणी इमानाने गोळा केले आणि शेवटच्या बिऱ्हाडातील जोश्यांच्या चुलीवर नेऊन सोडले. जोशी तक्रार घेऊन आले तेव्हा अप्पांनी शांतपणे सगळी पाहणी केली आणि निकाल दिला की पन्हळ आपले काम चोख करते आहे, चूल चुकीच्या जागी आहे.

सर्वांत भीती वाटे ती त्यांच्या छत्रीची. ताडाच्या रुंद पानांची ती घेरदार छत्री वेळूच्या दांड्यावर उभी असे आणि एखाद्या लहान लग्नाचा मांडव व्हावा एवढी तिची सावली पडे. उन्हाळ्यात स्टेशनवर उतरलो की ते मला हाक मारीत, “या चिटणीस, सावलीत या.” चिटणीस हे माझे आडनाव नव्हे, त्यांनी मला दिलेले पद; त्याची हकीगत पुढे येईल. छत्री त्यांच्या हातात, म्हणजे त्यांच्या उंचीवर. घरापर्यंतचा सारा रस्ता मी गुडघ्यांत वाकून, मान एका बाजूला टाकून चालत असे. वाटेत कोणी भेटले तर अप्पा थांबून बोलत. मीही त्यांच्याबरोबर तसाच अर्धवट बसलेला थांबत असे. तुमच्या पाठीला काही झाले आहे का, असे एकदा पोस्टमास्तरांनी मला आपुलकीने विचारले होते.

या भक्तीचे मूळ दिव्याला होते. खाडीकाठच्या बांधावर टिपणिसांच्या वडिलार्जित ताडांची एक रांग उभी होती. अप्पांच्या आजोबांनी ती ताडीच्या मक्त्याला दिली, वडिलांनी ती तशीच चालू ठेवली, आणि त्या ताडीवर घरातल्या दोन पिढ्यांच्या मुंजी, लग्ने आणि दरसाल एक सत्यनारायण यथासांग पार पडला. पुढे दारूबंदी आली. मक्ता बंद झाला, आणि ज्या आठवड्यात तो बंद झाला त्याच आठवड्यात अप्पांना ताडीचे दुष्परिणाम कळून आले. फुलोऱ्याला गाडगी बांधणे थांबले, तशी झाडे फळांनी लगडली. इतकी वर्षे जी झाडे दिव्याच्या पुरुषमंडळींना आडवी करीत आली त्यांचेच ताडगोळे आता टोपल्या भरभरून घरी येऊ लागले. रांगेतले निम्मे ताड नर होते आणि नर ताडाला फळ धरत नाही. अप्पा त्यांना ‘सल्लागार मंडळ’ म्हणत. कचेरीत असे मंडळ आपण रोज पाहतो, असेही ते पुढे जोडीत.

त्याच सुमारास त्यांनी ‘ताडवृक्ष प्रसारक मंडळ’ स्थापन केले. अध्यक्ष ते स्वतः, चिटणीस मी. माझी निवड कोणत्या गुणांवर झाली हे मी विचारले नाही. नाही म्हणता न येणे हा एक गुण असावा. मंडळाची जाहीर सभा ठाण्याला टेंभी नाक्यावर एका उसन्या दिवाणखान्यात भरली. ताडाचे खोड, पान, फूल, फळ, रस, कोंब आणि सावली अशा क्रमाने अप्पा बोलत गेले. छपराला वासे ताडाचे, वाशांवर पाने ताडाची, खाली चटई ताडाची, चटईवर बसून खायला गूळ ताडाचा. माणसाने फक्त जन्माला यावे, बाकीचे ताड पाहून घेतो, असा एकूण आशय होता. मध्यंतरात सर्वांना नीरा देण्यात आली. ती ताडाच्याच पानांच्या द्रोणांतून द्यायची हा अध्यक्षांचा आग्रह, आणि द्रोण अध्यक्षांनीच वळलेले. त्यामुळे जेवढी नीरा श्रोत्यांच्या पोटात गेली तेवढीच धोतरांवर गेली. तेवढ्यात मागच्या रांगेतून दिव्याचे एक वृद्ध गृहस्थ उठले. धोतर पिळता पिळता ते म्हणाले, “आप्पा, तुमचे आज्याला भाषान नव्हता करायला लागत. मानसा आपसूक येवाची.”

सभा हसली. अप्पा मात्र सभेचा हशा ओसरेपर्यंत थांबले आणि त्यांनी कोंबाच्या उपयोगाला हात घातला.

इथवरचे अप्पा मी आजही हसत सांगू शकतो. यापुढचे सांगताना मला थोडे जपून लिहावे लागते, कारण त्यात कुसुम आहे.

कुसुम त्यांची एकुलती एक मुलगी. ती आईवर गेली होती की आजोबांवर, हे मला ठाऊक नाही. अप्पांवर गेली नव्हती एवढे लांबूनही दिसे. आमच्या चाळीच्या दाराखालून जाताना तिला मान लववावी लागे. ती कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत असे, चटचट बोलत असे, आणि विहिरीवरून भरलेल्या दोन घागरी आणताना तिच्या चालण्यात इतका तोल असे की माझी आई हातातले निवडणे थांबवून पाहत बसे. गल्लीने तिचे नाव ‘ताड’ ठेवले होते. अर्थात मागे. पण आमच्या गल्लीत मागे बोललेले पुढे ऐकू येई, इतकी ती अरुंद होती.

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम सर्वांच्या घरी होतो तसा अप्पांच्या घरीही होई, परंतु दोन फरकांनी. पहिला फरक असा की त्यांच्याकडे स्थळे हंगामी येत. इतर घरांत तुळशीचे लग्न लागले की पाहुण्यांची ये-जा सुरू होते. अप्पा मात्र चैत्र उजाडल्याखेरीज कोणाला पाऊल टाकू देत नसत आणि ज्येष्ठात आभाळ भरून आले की दार लावून घेत. कारण विचारले की म्हणत, “त्याआधी ताडगोळे नसतात.” दुसरा फरक या उत्तरातच आला. त्या घरी पोहे नसत. मुलगी चहा घेऊन येई, थोडा वेळ बसे, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देई आणि कपबशा गोळा करून आत जाई. मग अप्पा स्वतः आत जात आणि सालीसकट ताडगोळ्यांनी भरलेले ताट नवऱ्या मुलासमोर आणून ठेवीत. मुलीची परीक्षा संपली, आता मुलाची सुरू.

ज्याने ताडगोळा खाल्ला नाही त्याच्यासाठी सांगतो. त्या थुलथुलीत, पाणीदार गोळ्यावर पिवळसर तपकिरी साल असते. ती तुरट. अंगठ्याच्या नखाने ती एका कडेला उचलायची, गोळ्याला इजा न करता अलगद उतरवायची आणि गोळा अख्खा तोंडात टाकायचा, म्हणजे आतले पाणी तोंडातच फुटते. घाई केली तर ते समोरच्याच्या अंगावर फुटते. अप्पांचे म्हणणे असे की साल काढल्याशिवाय माणूस कळत नाही, आणि त्याची साल काढायची तर त्याच्या हातात ताडगोळा द्यावा. आपला ताडगोळा दुसऱ्याकडून सोलून घेणे हे त्यांच्या लेखी दुसऱ्याने चावलेला विडा खाण्यासारखे होते.

चिटणीस या नात्याने या परीक्षांना मला बसावे लागे. साताऱ्याकडचा एक बँकेतला मुलगा आला. त्याने ताडगोळा जन्मात पाहिला नव्हता. तो सालीसकट चावू लागला. त्याच्या चेहऱ्यावर तुरटपणा हळूहळू पसरत गेला, तरी घरंदाजपणामुळे त्याने तो गिळला, आणि अधिक घरंदाजपणामुळे दुसरा उचलला. मंडळी गल्लीच्या तोंडाशी पोचली नसतील तोच अप्पा पडवीत येऊन सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, “नापास. पुढ्यात येईल ते गिळणारा माणूस. असला नवरा उद्या साहेबाच्या शिव्याही गिळील आणि घरी येऊन ओकील.” कल्याणचा एक डॉक्टर आला. त्याने शस्त्रक्रिया केल्याप्रमाणे नख खुपसले. पाणी उडाले ते थेट त्याच्या वडिलांच्या कोटावर. “नापास. आततायी. याच्या हातून रोगी कसे वाचतात ते त्याचे त्याला माहीत.” जोशी पडवीत बसून दाद देत. गल्लीतली मुले त्या दिवसांत शाळेचा निकाल लागल्यासारखी अप्पांच्या दारासमोर घोटाळत. करमणुकीची दुसरी साधने तेव्हा डोंबिवलीत फारशी नव्हती.

मग कल्याणजवळच्या मोहने गावच्या कारखान्यातला केमिस्ट आला. शांत, नीटस मुलगा. आई बरोबर होती. त्याने ताटाकडे पाहिले, बाह्या किंचित सारल्या आणि एकेक ताडगोळा असा सोलला की साल अखंड उतरावी आणि गोळ्यावर ओरखडा नसावा. एक थेंब सांडला नाही. दाराआड माईंच्या, म्हणजे अप्पांच्या पत्नींच्या, बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या. आपल्या डोळ्यांदेखत कोणीतरी पास होणार, या आनंदाने जोशी पडवीतून उठून चौकटीशी आले. पाहुणे गेले. अप्पा बाहेर आले, खांबाला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, “नापास.”

मग त्यांनीच खुलासा केला. “इतके चांगले सोलणारा माणूस घरी दुसरे काहीच करत नसणार.”

त्या संध्याकाळी प्रथमच गल्ली अप्पांवर हसली नाही, चिडली. म्हाताऱ्याला मुलगी खपवायचीच नाही, पगार घरात राहावा म्हणून ही सोंगे चालली आहेत, असे जोशी उघड म्हणाले. माझ्या आईनेही मान हलवली. मला स्वतःला असे वाटले की हा गृहस्थ एका फळापायी पोटच्या पोरीची वर्षे सोलून टाकीत आहे. हे मी कोणाला बोललो नाही. मी फारसे काही बोलतच नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत दाढी करीत बसलो होतो. कुसुम शाळेत जायला निघाली होती. दाराखाली मान लववून ती बाहेर आली, थांबली, आणि चटईवर बसलेल्या अप्पांकडे वरून पाहत म्हणाली, “अप्पा, माणसांनी नाकारलं तर मला चालेल. ताडगोळ्यानं नाकारलेलं नको.”

अप्पा पंखा हलवीत राहिले. “मी त्यांना नाकारतो. तुला कोणी नाकारलेलं नाही.”

“एकच आहे हो ते,” ती म्हणाली आणि गेली. अप्पांचा पंखा बऱ्याच वेळाने थांबला.

हा संवाद मला नीट कळला नव्हता. तो कळला माईंमुळे, त्याच आठवड्यात. माई आमच्याकडे विरजण मागायला आल्या आणि आईने न राहवून विषय काढला. एवढा चांगला मुलगा होता, सोलत होता कसा, असे आई म्हणाली. माई वाटी हातात धरून उभ्याच राहिल्या.

“तुम्ही सगळे ताडगोळ्यांकडे बघत होता,” त्या म्हणाल्या. “मी त्याच्या आईकडे बघत होते. कुसुम कपबशा उचलायला उभी राहिली ना, तेव्हा तिनं हिच्याकडे मान वर करून पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. आणि पदर सावरला. तिथंच संपलं होतं सगळं. ताट यायच्या आधीच.”

मग त्यांनी पहिल्या स्थळाची हकीगत सांगितली. ती आम्ही या चाळीत राहायला येण्यापूर्वीची. तेव्हा अप्पांच्या घरीही पोहेच होत असत, आणि दिवस थंडीचे होते. नकार कळवण्याची एक सभ्य रीत आपल्याकडे आहे. पत्रिका जुळत नाही म्हणायचे आणि सुटायचे. पण मध्यस्थ जिभेचा सैल होता. भर गल्लीत अप्पांना गाठून, चार माणसांदेखत, तो म्हणाला होता की मुलगी लाख आहे, पण हार घालायला मुलाला शिडी लावावी लागेल. गल्लीतली पोरे ती शिडी पुढे कितीतरी महिने खेळत होती. कुसुम घागरी घेऊन निघाली की कोणीतरी ‘शिडी, शिडी’ म्हणून पळे. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पाहुणे आले तेव्हा अप्पांनी पोहे करू दिले नाहीत. तेव्हापासून मुलगी उभी राहिली की अप्पा पाहुण्यांचे चेहरे पाहत आणि ताटासाठी आत जात. आपला निकाल पाहुण्यांचा नकार येण्याआधी लागला पाहिजे, आणि गल्लीला ऐकू गेला पाहिजे. ताडगोळे नसतील तेव्हा निकालाला कारण नसणार. म्हणून हिवाळ्यात स्थळ नको.

“आता लोक यांना हसतात,” माई म्हणाल्या. “तिला हसायचं राहून जातं.” आणि विरजण घेऊन त्या गेल्या.

मला जी गोष्ट त्यांच्या वेडाचा कळस वाटत होती, तो हंगामाचा नियम, तीच सर्वांत हिशेबी निघाली. मंडळाची स्थापना आणि ती शिडी यांत फार तर वर्षाचे अंतर. दारूबंदीही त्याच सुमाराची. यांतले आधी काय आणि नंतर काय, अप्पांना ताडाचा मान कशासाठी वाढवायचा होता, हे विचारण्याइतका धीट मी तेव्हा नव्हतो. शिवाय अप्पांना देवपण देण्याचेही काही कारण नाही. त्यांचा उपाय रोगाहून काही कमी नव्हता. त्या केमिस्टनंतर टिपणिसांच्या घरी माणसाला ताडगोळे सोलायला बसवतात अशी वदंता ठाण्यापासून कल्याणपर्यंत पसरली आणि पुढचा उन्हाळा कोरडा गेला. एकही स्थळ आले नाही. टोपल्या येत राहिल्या. ते सारे ताडगोळे चाळीला खावे लागले.

त्यापुढच्या वैशाखात कुसुमनेच घरी सांगितले की वसंत सुळे नावाचे एक गृहस्थ येणार आहेत. ते कल्याणलाच मुलांच्या शाळेत गणित शिकवीत आणि दोघांची ओळख शिक्षकांच्या कुठल्याशा वर्गात झाली होती. तिने आडपडदा ठेवला नाही. “तुम्ही त्यांना बघून घ्या,” ती अप्पांना म्हणाली. “मी बघितलं आहे.” फक्त या खेपेला ताट आणू नका, एवढे तिने मागितले. अप्पा म्हणाले, ती घराची रीत आहे.

रीत मोडणे त्यांना आता शक्य नव्हते, आणि का नव्हते हे एव्हाना मलाही कळत होते. इतक्या जणांना ज्या कारणाने नापास केले ती परीक्षाच या मुलाला माफ केली, तर गल्लीत कोणीही विचारले असते की मग आधीची ती कशाला होती. एकाने विचारले की दुसऱ्याला उत्तर सुचते. ज्या शिडीवर इतकी वर्षे ताडगोळ्यांच्या साली टाकल्या होत्या ती पुन्हा उघडी पडली असती. आणि परीक्षा घेऊन हा मुलगा नापास झाला असता, तर कुसुमने तोंडाने मागितलेली एकुलती एक गोष्ट अप्पांनी स्वतःच्या हाताने घालवली असती.

वसंतराव थोरल्या भावासह आले. ते कुसुमपेक्षा चांगले चार बोटे बुटके होते. गल्लीला त्या दुपारी अकस्मात कामे निघाली. जोश्यांना आपली पन्हळ तपासण्याची आठवण झाली आणि ती तपासायला ते अप्पांच्या खिडकीशी आले. खिडकीत चेहऱ्यांवर चेहरे लागले. कुसुमने चहा दिला, कपबशा उचलल्या, ती उभी राहिली. अप्पांनी सवयीने पाहुण्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले. तिथे त्यांना नेहमीचे ते काही दिसले नसावे, कारण ते क्षणभर गोंधळल्यासारखे उभे राहिले. आणि तरीही आत जाऊन ते ताट घेऊन आले. खिडकीत हालचाल झाली.

वसंतरावांनी ताटाकडे पाहिले, हात मांडीवरच ठेवले आणि संकोचाने म्हणाले, “माफ करा. मला हे खाता येत नाही. लहानपणापासून घशाखाली उतरत नाही.”

असे उत्तर आजवर कोणी दिले नव्हते. सालीसकट गिळणारे झाले, पाणी उडवणारे झाले, सुबक सोलणारे झाले. पण पेपर कोरा देणारा पहिलाच. अप्पांच्या हातातले ताट तसेच राहिले. त्यांच्या तोंडाकडे खिडकीचे डोळे लागले होते, आणि माजघराच्या दारात कुसुमचे.

ती बाहेर आली. दाराखाली मान लववून, मग सरळ होऊन, वसंतरावांच्या शेजारी उभी राहिली. वसंतराव शिष्टाचार म्हणून उठले. उठायला नको होते. दोघे शेजारीशेजारी उभे राहिल्यामुळे जे सांगायचे होते ते सगळे खिडकीला एका दृष्टिक्षेपात कळले, आणि तिथे कोणीतरी फिसकन हसले. वसंतरावांनी ते ऐकले. त्यांनी मान वर करून कुसुमकडे पाहिले आणि विचारले, “काय करू? तुम्ही वरून सांगा. खाऊ?”

“नको,” कुसुम म्हणाली. “आवडत नाही ते आवडलं म्हणून खायचं नाही. या घरात तरी.”

वसंतरावांना हसू आले. त्यांच्या भावालाही आले. ते हसणे खिडकीतल्या हसण्यासारखे नव्हते. त्यात शिडी कुठे नव्हती.

अप्पा त्या दोघांकडे बराच वेळ, नेहमीप्रमाणे हनुवटी वर करून, पाहत राहिले. मग ते खिडकीकडे वळले. जोश्यांकडे, पोरांकडे, बायकांकडे त्यांनी एकेक करून पाहिले. हेडक्लार्कला साजेल अशा कोरड्या आवाजात त्यांनी आत हाक दिली. “माई, हे ताट बाहेर वाट. ज्यांच्यासाठी आजवर आणत होतो त्यांना दे.” आणि थोड्या वेळाने, आवाज उतरवून, “आणि पोहे टाक. आपल्याकडे पाहुणे आलेत.”

माई ताट घेऊन पडवीत आल्या. ताडगोळा घ्यायला सर्वांना पुढे व्हावे लागले. मागे सरणे अधिक वाईट दिसले असते. चिटणीस म्हणून मलाही एक मिळाला. आम्ही सारे पडवीच्या कडेला ओळीने बसून सोलू लागलो. जोश्यांनी सालीसकट खाल्ला. माझ्या हातून पाणी उडाले ते माझ्याच सदऱ्यावर. आतून फोडणीचा वास आला, तेव्हा आमच्यातला कोणीही मान वर करीत नव्हता.

लग्न त्याच ज्येष्ठात झाले. अंतरपाट दूर झाला तेव्हा हार घालायला वसंतराव टाचा उंचावून उभे राहिले आणि कुसुमने मान खाली केली. आमच्या चाळीच्या दाराने तिला ती सवय लावलीच होती. अप्पा ताडवृक्ष प्रसारक मंडळाची पुढची सभा बोलवायचे विसरले. मीही त्यांना आठवण करून दिली नाही. चिटणीस म्हणून माझ्या हातून घडलेले हे एकमेव समाजकार्य.

पन्नासचे दशक संपत आले तेव्हा माझी नागपूरला बदली झाली. सामान टांग्यात चढवून मी आणि आई स्टेशनकडे निघालो, ती भर वैशाखातली दुपार होती. ऊन असे की रस्त्यावर कुत्रेही नव्हते. समोरून ती छत्री येताना दिसली. दुरून प्रथम मला चुकल्यासारखे वाटले, कारण ती नेहमीपेक्षा कितीतरी उंचावरून येत होती. जवळ आल्यावर उलगडा झाला. माहेरी आलेल्या कुसुमने ती धरली होती. दांडा मधोमध, हात ताठ, मान सरळ. तिच्या एका बाजूला अप्पा, दुसऱ्या बाजूला वसंतराव. दोघेही न वाकता, पुरते उभे, त्या घेरदार सावलीत मावून चालले होते. ताडाच्या कोवळ्या कोंबाचा उपयोग अप्पा जावयाला समजावून देत असावेत. त्यांची हनुवटी वर होती, आणि बोलताना ते आता मुलीच्या पुढून डोकावून पलीकडे पाहत होते. वसंतराव मान डोलावीत होते.

अप्पांनी टांग्याकडे पाहिले. “या चिटणीस, सावलीत या,” ते सवयीने म्हणाले. मग त्यांनी वर छत्रीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, आणि मला खुणेने सांगितले की आता वाकावे लागणार नाही.